वोबर्नची वाळू

इंग्लंडच्या बेडफर्डशायर परगण्यात, वोबर्नजवळच्या हजबोर्न क्रॉली गावाच्या शिवारात, स्टॅकयार्ड नावाचे एक शेत आहे. १८७७ पासून तिथे एका पट्ट्यात दरवर्षी गहू आणि दुसऱ्या पट्ट्यात दरवर्षी सातू, म्हणजे बार्ली, असा न चुकता पेरा होत होता. प्रत्येक वाफ्याचे खत ठरलेले होते आणि ते बदलायचे नाही असा दंडक होता. अमोनियाचे क्षार दिलेल्या वाफ्यांनी सुरुवातीची वर्षे भरघोस पीक दिले. मग सातू मागे पडू लागला. १८९० च्या दशकात पाळी अशी आली की उगवलेले रोप बोटभर वाढायचे, पिवळे पडायचे आणि मरायचे. रिकाम्या जागेत स्परी नावाचे तण माजायचे. त्याच शेतातल्या ज्या वाफ्यांना सोडियम नायट्रेटमधून नत्र मिळत होते, तिथे मात्र सातू उभा होता. बियाणे तेच, पाऊस तोच, मशागतही तीच.

त्या वाफ्यांत नेमके काय बिघडले होते, याचे पुरते उत्तर मिळायला पुढची चाळीस वर्षे लागली. आधीची पन्नास वर्षे धरली तर ही जवळजवळ शतकभराची कथा आहे. ती यॉर्कच्या एका काचेच्या नळीपासून सुरू होते, कलकत्त्याच्या प्रयोगशाळेला स्पर्श करते आणि तिच्या शेवटच्या पर्वात पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे एक माजी प्राचार्य वोबर्नच्या त्याच शेतात उभे असतात. रेताड जमिनीत चिकणमातीचा अंश थोडा असतो. ही कथा त्या थोड्या अंशाची आहे.

नळीतून उतरलेले पाणी

१८४० च्या दशकात इंग्लंडचा शेतकरी एका चिंतेत होता. पेरूहून ग्वानो येत होते, गॅस कारखान्यांतून अमोनियम सल्फेट मिळू लागले होते, पण ही खते पाण्यात विरघळणारी. पैसे मोजून शेतात टाकलेले खत पहिल्याच पावसात वाहून गेले तर काय? जर्मनीचा महान रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यालाही हीच भीती होती. म्हणून त्याने स्वतःचे पेटंट खत चुना आणि पोटॅश यांच्याबरोबर वितळवून मुद्दाम कमी विरघळणारे केले. ते शेतात पडून राहिले, पिकाला मिळालेच नाही आणि त्याच्या नावाने काढलेला तो व्यवसाय फसला.

यॉर्कशायरमधले जमीनदार हॅरी स्टीफन थॉम्प्सन हे रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीचे एक संस्थापक सदस्य. त्यांनी १८४५ मध्ये जोसेफ स्पेन्स या यॉर्कच्या रसायनकाराच्या मदतीने एक साधा प्रयोग केला. मातीत अमोनियम सल्फेट मिसळले, ती माती काचेच्या नळीत भरली, वरून पाणी ओतले आणि खाली उतरलेले पाणी आटवून पाहिले. हाती यायला हवे होते अमोनियम सल्फेट. प्रत्यक्षात मिळाले बरेचसे जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. मातीने अमोनिया स्वतःकडे ठेवून घेतला होता आणि बदल्यात चुना सोडला होता.

हे निरीक्षण त्यांनी सोसायटीचे सल्लागार रसायनशास्त्रज्ञ जॉन थॉमस वे यांच्या कानावर घातले. वे यांनी १८५० आणि १८५२ मध्ये छापलेल्या दोन निबंधांत हा विषय पार तळापर्यंत नेला. जितका अमोनिया किंवा पोटॅश माती धरते, तितक्याच रासायनिक वजनाचा चुना ती सोडते. हा देवाणघेवाणीचा व्यवहार जवळजवळ तत्क्षणी होतो. नायट्रेट आणि क्लोराइड यांना माती अडवत नाही, ते सरळ निघून जातात. सगळ्यांत मोलाचा निष्कर्ष असा की हे काम वाळू करत नाही, चिकणमाती करते. वे यांची एक गोष्ट चुकली. एकदा धरलेले परत सुटत नाही असे त्यांना वाटले. १८५८ मध्ये आयकहॉर्न या जर्मन संशोधकाने चॅबाझाइट या झिओलाइट खनिजावर प्रयोग करून दाखवले की हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालतो.

लीबिगने आधी वे यांच्यावर कडाडून टीका केली. पुढे मात्र त्याने मातीची ही धारणशक्ती मान्य केली आणि आपले खत चुकीच्या समजुतीवर बेतले होते, हे १८६० च्या दशकात छापून कबूल केले. इतक्या मोठ्या माणसाने असे जाहीरपणे मान्य करावे, यात त्या काळाच्या शास्त्रीय वृत्तीची उंची दिसते.

वाळू मुद्दाम निवडली

१८५७ मध्ये वे यांच्या जागी ऑगस्टस व्होल्कर आले. मूळचे फ्रँकफुर्टचे. रॉथॅमस्टेड येथे लॉज आणि गिल्बर्ट यांनी १८४३ पासून गव्हाचा जो प्रसिद्ध प्रयोग चालवला होता, त्या ब्रॉडबॉक शेताखाली निचऱ्याचे नळ होते. त्यांतून वाहणारे पाणी व्होल्करांनी तपासले. अमोनिया आणि पोटॅश पाण्यात फार थोडे उतरत होते. पण जिथे अमोनियाचे क्षार जास्त टाकले होते, तिथे चुना जास्त वाहून जात होता. चुन्याची ही गळती पुढच्या साऱ्या कथेचे बीज होती, मात्र रॉथॅमस्टेडच्या पिकांवर तिचा परिणाम दिसत नव्हता. तिथली जमीन भारी, शिवाय पूर्वीच्या पिढ्यांनी तिच्यात खडूसारखी चुनखडी भरपूर मिसळलेली. खर्च चालू असला तरी शिल्लक मोठी होती.

१८७५ मध्ये इंग्लंडमध्ये कुळांसाठी कायदा झाला. शेत सोडून जाणाऱ्या कुळाने टाकलेल्या खताचा जो कस जमिनीत उरला असेल, त्याची भरपाई मालकाने द्यावी, असे त्यात होते. मग खताचा उरलेला कस मोजायचा कसा? रॉथॅमस्टेडचे आकडे सगळ्या जमिनींना लागू पडतात का? हे तपासायला सोसायटीने दुसऱ्या जातीची जमीन शोधली. बेडफर्डच्या ड्यूकने आपल्या वोबर्नच्या जहागिरीतली जागा दिली आणि १८७६ मध्ये केंद्र उभे राहिले. ही जमीन हलकी, रेताड, चुन्याची कमतरता असलेली. चिकणमातीचा अंश शेकडा दहाच्या आसपास. याच भागातल्या वाळूच्या थरांत मुलतानी मातीच्या जातीची चिकणमाती दडलेली आहे आणि लोकर धुण्यासाठी ती पूर्वीपासून खणून काढली जात होती. स्टॅकयार्डच्या नांगराखालच्या मातीत मात्र वाळूचेच राज्य होते.

पहिले पीक निघाले त्याच वर्षी, १८७७ मध्ये, फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युन्ट्झ यांनी वाळू आणि चुनखडीच्या थरातून सांडपाणी सावकाश झिरपवले. काही दिवसांनी खाली उतरणाऱ्या पाण्यात अमोनियाऐवजी नायट्रेट दिसू लागले. क्लोरोफॉर्मची वाफ दिली की हे रूपांतर थांबायचे. म्हणजे हे काम सजीवांचे होते. मातीतले सूक्ष्मजीव अमोनियाचे नायट्रेट करतात आणि ते करताना आम्ल तयार होते. हे आम्ल मारायला चुना लागतो. वोबर्नच्या वाफ्यांत हे दरवर्षी घडत होते आणि तिथे चुन्याची शिल्लक मुळातच तुटपुंजी होती.

व्होल्कर हिंदुस्थानात

१८८४ मध्ये ऑगस्टस व्होल्कर वारले आणि त्यांचे चिरंजीव जॉन ऑगस्टस व्होल्कर यांच्याकडे काम आले. हे नाव आपल्या शेतीच्या इतिहासातही आहे. १८८९ च्या अखेरीस त्यांना हिंदुस्थान सरकारने बोलावले. वर्षभराहून थोडा अधिक काळ ते देशभर फिरले. १८९३ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. इथला शेतकरी अडाणी आहे, हा राज्यकर्त्यांचा समज त्यांनी खोडून काढला. मशागत, पाणी देणे, पिकांची फेरपालट यांत इथला रयत इंग्लंडच्या सर्वसाधारण शेतकऱ्याच्या तोडीचा आहे आणि काही बाबतींत सरस आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. शेणाच्या गोवऱ्या चुलीत जातात आणि जमिनीला खत मिळत नाही, हे दुखणेही त्यांनी मांडले.

परत गेल्यावर त्यांच्यासमोर वोबर्नचे मरणारे वाफे उभे राहिले. खत बदलायचे नाही या दंडकाला त्यांनी विचारपूर्वक मुरड घातली. १८९७ मध्ये काही वाफ्यांच्या तुकड्यांत चुना टाकला. जिथे चुना पडला तिथे सातू परत उभा राहिला. शेजारी, फक्त रेघेपलीकडे, स्परीचे तण तसेच माजलेले. एवढ्या लख्ख स्वरूपात शेतीच्या प्रयोगाने फार थोड्या वेळा उत्तर दिले असेल.

उत्तर मिळाले, कारण मात्र कळले नाही. आम्लामुळे पीक मरते, असे म्हणावे तर तितक्याच आम्लाच्या पाण्यात काही रोपे बरी वाढतात. मग मातीत आणखी काय होते?

पापुद्र्यांचा शोध

ते कळण्याआधी चिकणमाती म्हणजे काय, हे कळायला हवे होते. वे यांच्यानंतर सत्तर वर्षे बहुतेक शास्त्रज्ञ तिला आकारहीन, जिलेटिनसारखा लगदा समजत होते. कण इतके बारीक, २ मायक्रॉनपेक्षाही लहान, की साध्या सूक्ष्मदर्शकात त्यांची घडण दिसणे शक्य नव्हते. १९१२ नंतर क्ष-किरणांनी स्फटिकांची आतली रचना वाचता येऊ लागली. स्वीडनमध्ये हॅडिंग यांनी १९२३ मध्ये आणि जर्मनीत रिने यांनी १९२४ मध्ये चिकणमातीवर क्ष-किरण टाकले. १९३० मध्ये अमेरिकेत हेन्ड्रिक्स आणि फ्राय यांनी शेतातल्या मातीच्या चिकण अंशावर तेच केले. छायाचित्रांवर स्वच्छ रेषा उमटल्या. लगदा समजला गेलेला हा पदार्थ स्फटिकांचा बनलेला होता. त्याच वर्षी लायनस पॉलिंग यांनी अभ्रक आणि त्याच्या भाईबंद खनिजांची रचना उलगडली आणि चित्र पुरे होत गेले.

ही खनिजे चिरोट्यासारखी पापुद्र्यांची असतात. एक पापुद्रा सिलिकाचा, एक अ‍ॅल्युमिनाचा. केओलिनाइटमध्ये दोघांची जोडी असते. मॉन्टमोरिलोनाइट आणि इलाइट यांत अ‍ॅल्युमिनाचा एक पापुद्रा सिलिकाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये असतो. खनिज घडताना कुठे सिलिकॉनच्या जागी अ‍ॅल्युमिनियम बसते, कुठे अ‍ॅल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम. त्यामुळे पापुद्र्यावर ऋण विद्युतभार राहतो आणि तो भार कॅल्शियम, पोटॅशियम, अमोनियम यांना धरून ठेवतो. थॉम्प्सनच्या नळीत जे घडले त्याचे मूळ इथे होते. नायट्रेटचा भारही ऋण, म्हणून त्याला माती धरू शकत नाही.

वाळू का दुबळी, हेही इथेच कळते. एक ग्रॅम बारीक वाळूच्या कणांचे पृष्ठफळ दोन-अडीचशे चौरस सेंटिमीटर भरते. एक ग्रॅम मॉन्टमोरिलोनाइटचे, आतले पापुद्रे धरून, ७०० ते ८०० चौरस मीटर. वाळू मुख्यतः क्वार्ट्झची असते आणि क्वार्ट्झ झिजायला सर्वांत चिवट. सॅम्युएल गोल्डिच यांनी १९३८ मध्ये खनिजांच्या विदारणाचा जो क्रम मांडला, त्यात ऑलिव्हिन सर्वांत आधी विरघळते आणि क्वार्ट्झ सर्वांत शेवटी उरते. त्यामुळे क्वार्ट्झच्या वाळूत झीज सोसण्याचा भार पडतो तो मूठभर चिकण खनिजांवर. पाणी झरझर खाली उतरते, आम्ल पाझरत राहते, आणि ज्यांच्या अंगावर अन्नद्रव्ये टिकायची तीच खनिजे आधी खर्च होतात. भारी जमिनीत हेच घडते, पण तिथे भांडवल मोठे असल्याने पिढ्यान्‌पिढ्या जाणवत नाही.

चिकणमाती स्वतःला खाते

वोबर्नचे कोडे आता सुटण्याच्या जवळ आले. अमोनियाचे नायट्रेट होताना हायड्रोजन आयन सुटतात. ते पापुद्र्यांवरच्या कॅल्शियमला हुसकावून त्याची जागा घेतात. कॅल्शियम नायट्रेटचा हात धरून पाण्याबरोबर निघून जाते. व्होल्कर पित्याने निचऱ्याच्या पाण्यात पाहिला होता तो हाच चुना. काही काळ समजूत अशी होती की पापुद्र्यांवर बसलेला हायड्रोजन म्हणजेच मातीची आम्लता. पण अमेरिकेत व्हीच यांनी १९०४ मध्ये आणि जपानमध्ये दाइकुहारा यांनी १९१४ मध्ये आम्लधर्मी मातीच्या अर्कात विरघळलेले अ‍ॅल्युमिनियम दाखवले होते. ते येते कुठून, यावर वर्षानुवर्षे वाद चालला.

१९३४ मध्ये पेव्हर आणि मार्शल यांनी दाखवले की हायड्रोजनने भरलेली चिकणमाती टिकतच नाही. हायड्रोजन खनिजाच्या आत शिरतो, तिथले अ‍ॅल्युमिनियम सोडवतो आणि ते अ‍ॅल्युमिनियम पृष्ठभागावर येऊन बसते. कलकत्त्यात ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी आणि त्यांचे सहकारी त्याच काळात हायड्रोजन-चिकणमातीच्या विद्युत-रसायनावर काम करत होते आणि त्यांच्या मापनांनी या वादात मोलाची भर घातली. पुढे मुखर्जी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे संचालक झाले.

म्हणजे वोबर्नच्या वाफ्यांत दुहेरी नुकसान होत होते. चुना तर जातच होता, शिवाय जमिनीचा कणा असलेले खनिजच आतून मोडत होते. त्यातून सुटलेले अ‍ॅल्युमिनियम सातूच्या मुळांची टोके जाळत होते. मुळे आखूड, जाड, तपकिरी होत आणि खाली जाऊ शकत नसत. सातूला हे अ‍ॅल्युमिनियम मुळीच सोसत नाही, गव्हाला थोडे अधिक सोसते, स्परीला चालते. म्हणून आधी सातू मेला आणि तण वाढले. चुना टाकला की अ‍ॅल्युमिनियम पुन्हा न विरघळणाऱ्या रूपात जाते आणि मुळांना वाट मिळते. मोडलेले खनिज मात्र चुन्याने परत घडत नाही.

पुण्याहून वोबर्नला

डॉ. हॅरॉल्ड मॅन १९०७ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. मराठी वाचकांना ते पिंपळे सौदागर गावाच्या सामाजिक-आर्थिक पाहणीमुळे माहीत असतात. १९१७ मध्ये छापलेली ती पाहणी आणि त्यानंतर ना. वि. कानिटकर यांच्यासह केलेली जातेगाव बुद्रुकची पाहणी या आपल्या ग्रामीण अभ्यासाच्या पायाभूत कृती आहेत. पण मॅन मुळात रसायनशास्त्रज्ञ होते. १९१० मध्ये त्यांनी आणि तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहिली. कालव्याचे पाणी आले, उसाला बेसुमार पाणी दिले गेले, जमिनीखालचे पाणी वर चढले आणि त्याबरोबर क्षार वर आले. अशा भारी काळ्या जमिनीत चिकणमातीवर सोडियमने ठाण मांडले की ती चोपण होते. पाणी मुरत नाही, वाफसा येत नाही.

मुंबई इलाख्याचे कृषी संचालक म्हणून काम करून मॅन १९२७ मध्ये निवृत्त झाले. इकडे १९२१ मध्ये सोसायटीने वोबर्नमधून अंग काढून घेतले होते. व्होल्करांनी केंद्र कसेबसे जगवले आणि १९२६ मध्ये ते रॉथॅमस्टेडकडे गेले. १९२८ मध्ये मॅन तिथे रुजू झाले आणि १९५६ पर्यंत, वयाची ऐंशी उलटल्यावरही, काम करत राहिले. दख्खनमध्ये त्यांनी चिकणमातीचा अतिरेक पाहिला होता, वोबर्नमध्ये तिची टंचाई पाहिली. दोन्हीकडे प्रश्न एकच होता: चिकणमातीच्या अंगावर कोण बसले आहे, कॅल्शियम, सोडियम की अ‍ॅल्युमिनियम?

चिकणमाती वाढवता येत नसेल तर तिचे काम सेंद्रिय पदार्थ किती करू शकतील, हे पाहण्यासाठी मॅन यांच्या काळात, १९४२ मध्ये, शेणखत, कंपोस्ट आणि शहरी मैल्याचा गाळ यांचा प्रयोग सुरू झाला. अनेक वर्षे टनावारी खत टाकूनही वाळूत सेंद्रिय पदार्थ हळूहळू वाढतात आणि देणे थांबले की उतरू लागतात, हे त्यातून दिसले. गाळातले जड धातू मात्र दशकांनंतरही वरच्या मातीतच सापडले. व्होल्कर आणि रॉथॅमस्टेडचे संचालक रसेल यांनी १९३६ मध्ये वोबर्नच्या पन्नास वर्षांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. शेती संशोधनाच्या विद्यार्थ्याने तो आजही वाचावा.

आपल्या शिवारासाठी

दख्खनच्या काळ्या जमिनीत मॉन्टमोरिलोनाइटच्या घराण्यातली खनिजे आणि चुनखडी भरपूर. तिथे वोबर्नचे दुखणे सहसा येत नाही, तिथला शत्रू चोपण. कोकणात आणि गोव्यात कातळ मुसळधार पावसात झिजून जांभा झाला. चिकणमाती आहे, पण केओलिनाइटची, अन्नद्रव्ये धरण्याची ताकद कमी, माती मुळातच आम्लधर्मी. किनाऱ्यालगतच्या पुळणीच्या जमिनी तर निव्वळ रेताड. अशा ठिकाणी वर्षानुवर्षे नुसता युरिया किंवा अमोनियम सल्फेट टाकणे म्हणजे स्टॅकयार्डचा प्रयोग पुन्हा करणे होय. १०० किलो अमोनियम सल्फेटची आम्लता मारायला साधारण ११० किलो चुनखडी लागते. रांची आणि पालमपूर येथे १९७० च्या दशकापासून चाललेल्या दीर्घ मुदतीच्या प्रयोगांत केवळ नत्र दिलेल्या वाफ्यांचे उत्पादन कोसळले. वोबर्नने ऐंशी वर्षे आधी सांगितलेलेच तिथे पुन्हा दिसले.

स्टॅकयार्डमधला प्रयोग पाच वर्षांत संपवला असता तर अमोनियम सल्फेट उत्तम खत ठरले असते आणि अहवाल तसाच छापला गेला असता. खरे कळले ते विसाव्या वर्षी. म्हणून दीर्घ मुदतीचे प्रयोग निधीअभावी बंद पाडणे ही शेतीची सर्वांत महाग काटकसर आहे. आणि कोकण-गोव्यातल्या शेतकरी बंधू-भगिनींनी एवढे अवश्य करावे: दर दोन-तीन वर्षांनी मातीचा सामू तपासून घ्यावा, तो साडेपाचच्या खाली उतरत असेल तर सल्ल्याप्रमाणे चुना द्यावा, आणि शेणखत-कंपोस्टचा हात कधी आखडू नये. गेलेला चुना परत देता येतो, मोडलेली चिकणमाती देता येत नाही.